सहा आठवड्यांची शांतता

२६ मे १९४५. बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागातलं ‘टिटानिया-पालास्ट’ नावाचं एक सिनेमागृह. जर्मनीने शरणागती पत्करून अठरा दिवस झालेत. शहराचा बराचसा भाग म्हणजे विटांचे ढीग. बर्लिन फिलहार्मोनिकची स्वतःची वास्तू तर जानेवारी १९४४ मध्येच बॉम्बहल्ल्यात जळून गेली होती. आणि त्या दिवशी त्या सिनेमागृहात हाच ऑर्केस्ट्रा युद्धानंतरचा पहिला कार्यक्रम करतो. सुरुवात मेंडेल्सझोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या ओव्हर्चरने. मग मोत्सार्टचा एक व्हायोलिन कन्चेर्टो, शेवटी चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी.

मेंडेल्सझोन जन्माने ज्यू. आधीची बारा वर्षं जर्मनीत त्याचं संगीत वाजवायला जागा नव्हती. लाइपझिगमधला त्याचा पुतळा १९३६ साली रातोरात हलवला गेला होता. आणि चायकोव्हस्की रशियन, म्हणजे ज्यांच्याशी आत्ताआत्तापर्यंत लढाई चालू होती त्यांचा.

एवढं वाचून अंगावर काटा येतो ना? माझ्याही आला होता. राखेतून उठलेला ऑर्केस्ट्रा, पडक्या शहरातून चालत आलेले श्रोते, बंदी उठलेलं संगीत. मला वाटलं, याच्यावर डॉक्युमेंटरी असणारच. शनिवारी रात्री इअरफोन घालून बघावी आणि थोडं बरं वाटून झोपावं असा साधा बेत होता.

शोधताना जी फिल्म सापडली तिचं नाव ‘दास राइखसऑर्केस्टर’. इंग्रजी सबटायटल्ससह ती ‘द राइखसऑर्केस्ट्रा’ या नावाने मिळते. दिग्दर्शक एन्रिके सांचेझ लान्श, साल २००७. ती बघून बरं वाटलं नाही. झोपही नीट लागली नाही. का, ते सांगायला हा लेख.

आधी माझ्याबद्दल एक कबुली. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातलं मला शास्त्र म्हणून काही कळत नाही. मी इंजिनिअर. कॉलेजात असाइनमेंट करताना आणि पुढे ऑफिसात कोड लिहिताना कानात शब्द नसलेलं काहीतरी हवं म्हणून मी या संगीताकडे आलो. माझ्या प्लेलिस्टमध्ये बेथोव्हनच्या सिम्फनी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीखाली तीच दोन नावं आहेत : बर्लिन फिलहार्मोनिक, हर्बर्ट फॉन कारायान. ही नावं मी हजारदा वाचली असतील. त्यांना काही भूतकाळ असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मालक बदलला, टीम तीच

फिल्मचा विषय १९३३ ते १९४५ हा काळ आहे. बर्लिन फिलहार्मोनिक नाझी राजवटीत कसा जगला, एवढाच प्रश्न. पण तो समजायला त्याआधीची एक गोष्ट माहीत असायला हवी, आणि मला ती सगळ्यात धक्कादायक वाटली.

हा ऑर्केस्ट्रा १८८२ साली वादकांनी बंड करून स्थापन केला होता. आधीच्या बँडमालकाच्या वागणुकीला कंटाळून पन्नासेक वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचं मंडळ काढलं. पुढे त्याची कंपनी झाली, तिचे भागधारक वादकच. कोणाला घ्यायचं, काय वाजवायचं, कोणाच्या हाताखाली वाजवायचं, हे तेच ठरवणार. आजच्या भाषेत सांगायचं तर कर्मचाऱ्यांच्या मालकीची स्टार्टअप.

पण १९३३ पर्यंत ती पार कर्जात बुडाली होती. मंदीच्या काळात तिकीटविक्रीवर शंभरेक माणसांचा ऑर्केस्ट्रा चालत नाही. तेव्हा नव्या सरकारने सौदा पुढे केला. १९३४ साली वादकांचे शेअर्स राइखने विकत घेतले आणि ऑर्केस्ट्रा गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाखाली गेला. पगार पक्का झाला, तोही देशातल्या इतर वादकांच्या तुलनेत चांगला. पुढे युद्ध सुरू झाल्यावर आणखी मोठी सवलत मिळाली : या वादकांना सैन्यात जावं लागणार नव्हतं. बाकीच्या जर्मनीतली त्यांच्या वयाची माणसं रशियाच्या बर्फात मरत असताना हे लोक रिहर्सलला जात होते.

बदल्यात काय? न्यूरेम्बर्गचे पक्षमेळावे, हिटलरचा वाढदिवस, १९३६ चं ऑलिम्पिक, आणि युद्धात जिंकलेल्या देशांचे दौरे. वाजवायचं तेच, जे ते आधीही उत्तम वाजवत होते. बेथोव्हन, ब्रूकनर, ब्राम्स. एक सूरही वेगळा लावायचा नव्हता.

मी ज्या धंद्यात आहे तिथे कंपन्या विकल्या जाणं नेहमीचंच. एका सोमवारी टाउन हॉलला बोलावतात, लोगो बदलतो, ईमेल आयडी बदलतो. रेपॉझिटरी तीच, टीम तीच, डेडलाइन तीच. आठवड्याभरात सगळे विसरतात की आपण आता कोणासाठी काम करतो. फिल्म बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की ‘काही बदललं नाही’ हे वाक्य किती भयानक असू शकतं.

चार खुर्च्या

काही तर लगेच बदललं होतं. १९३३ साली ऑर्केस्ट्रात चार ज्यू वादक होते. व्हायोलिनवर शिमॉन गोल्डबर्ग आणि गिल्बर्ट बाक, चेलोवर निकोलाय ग्राउदान आणि योझेफ शुस्टर. गोल्डबर्ग तर कॉन्सर्टमास्टर, म्हणजे कंडक्टरच्या डाव्या हाताला पहिल्या खुर्चीवर बसणारा, वादकांचा म्होरक्या. ऑर्केस्ट्राचे मुख्य कंडक्टर विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांनी एप्रिल १९३३ मध्ये गोबेल्सला खुलं पत्र लिहून ज्यू कलावंतांची बाजू घेतली होती, आणि ते वर्तमानपत्रात छापूनही आलं होतं. थोडा वेळ मिळाला. पण काही वर्षांतच चौघंही गेलेले होते.

गोल्डबर्ग १९३४ साली बाहेर पडले. त्यांचा पुढचा प्रवास ऐका. जगभर मैफली करत ते आशियात आले आणि युद्धात जावा बेटावर जपान्यांच्या हाती सापडले. १९४२ ते ४५ ही वर्षं त्यांनी नजरकैदेच्या छावण्यांत काढली. त्यांचे जुने सहकारी बर्लिनमध्ये गोबेल्ससाठी वाजवत होते त्याच वर्षांत. शुस्टर अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख चेलोवादक झाले.

जर्मन भाषेच्या जगातून तेव्हा असे कितीतरी संगीतकार उखडले गेले, आणि त्यांतला एक थेट मुंबईत येऊन पोहोचला. वॉल्टर कॉफमन, बर्लिनमध्ये शिकलेला ज्यू संगीतकार. १९३४ साली तो मुंबईला आला, बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली, मेहली मेहतांसारख्या वादकांना घेऊन कार्यक्रम केले, आणि पुढे ऑल इंडिया रेडिओत काम केलं. आकाशवाणीची सकाळची ती सिग्नेचर ट्यून, तंबोऱ्यावर तरंगणारं ते व्हायोलिन, तिचं श्रेय त्यालाच दिलं जातं. माझ्या आजोबांचा रेडिओ त्या सुरावर उघडायचा. एका पळून आलेल्या माणसाने ती बांधली हे कळायला मला बर्लिनच्या ऑर्केस्ट्रावरची फिल्म बघावी लागली.

सांगायचा मुद्दा असा की ‘पुनरुज्जीवन’ म्हणताना आपण इमारत परत उभी राहिली का, वाद्यं परत आली का, हे मोजतो. या चार खुर्च्या १९३४-३५ मध्येच भरल्या गेल्या होत्या. त्यांवर दुसरी चांगली माणसं बसली. ऐकणाऱ्याला फरक कळला नसेल. ऑर्केस्ट्रा ही गोष्टच अशी आहे की ती माणसं बदलूनही तशीच वाजत राहते.

मागच्या रांगेतली माणसं

नाझी काळ आणि संगीत म्हटलं की चर्चा फुर्टवेंग्लरवर येते. इश्तवान साबो यांचा ‘टेकिंग साइड्स’ (२००१) अनेकांनी पाहिला असेल. एक अमेरिकन मेजर आणि महान कंडक्टर समोरासमोर, चौकशीच्या खोलीत. त्या सिनेमाच्या शेवटी खरी फिल्म वापरली आहे : १९ एप्रिल १९४२, हिटलरच्या वाढदिवसाची पूर्वसंध्या, बेथोव्हनची नववी सिम्फनी संपलीय, गोबेल्स मंचापाशी येऊन हात पुढे करतो, फुर्टवेंग्लर वाकून हस्तांदोलन करतात आणि मग रुमालाने हात पुसताना दिसतात. त्या रुमालावर किती लेख लिहिले गेले असतील! तो घाम होता की किळस?

सांचेझ लान्श यांच्या फिल्मचं मोठेपण माझ्या मते इथे आहे की ती कॅमेरा या रुमालावरून उचलते आणि कंडक्टरच्या समोर बसलेल्या शंभर माणसांकडे नेते. हेच दिग्दर्शक आधी ‘रिदम इज इट!’ (२००४) या फिल्मचे सहदिग्दर्शक होते. तिच्यात बर्लिनमधली अडीचशे शाळकरी मुलं याच ऑर्केस्ट्राच्या साथीने नाचायला शिकतात. ती फिल्म बघून कोणालाही संगीतावर विश्वास बसेल. त्याच माणसाने तीन वर्षांनी, ऑर्केस्ट्राच्या १२५ व्या वर्षी, ही दुसरी फिल्म केली. मला या दोन्ही फिल्म्स एकमेकींच्या शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात.

त्या काळातले जे मोजके वादक तेव्हा हयात होते, त्यांतले दोघं कॅमेऱ्यासमोर बोलतात. व्हायोलिनवादक हान्स बास्तिआन, नव्वदी ओलांडलेले. आणि डबल बास वाजवणारे एरिख हार्टमन, जन्म १९२०, ऑर्केस्ट्रात आले १९४३ साली, म्हणजे ऐन तेविशीत. इतरांच्या बाजूने त्यांचे नातलग बोलतात. मधे मधे जुनी चित्रफीत.

ही माणसं खलनायक नाहीत. कोणाच्याही घरातले आजोबा वाटावेत अशी आहेत. त्यांच्या बोलण्याचा एकूण सूर असा की राजकारण बाहेर चाललं होतं आणि आम्ही आत वाजवत होतो. तो सूर खोटा वाटत नाही, तीच पंचाईत आहे. आकडेही त्यांच्याच बाजूचे आहेत. बर्लिनच्या या ऑर्केस्ट्रात नाझी पक्षाचे सभासद साधारण एक पंचमांश होते. तुलनेसाठी, व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये हे प्रमाण जवळपास निम्मं होतं. म्हणजे बर्लिनवाले खरोखरच ‘नाझी ऑर्केस्ट्रा’ नव्हते असं म्हणता येईल.

पण मी त्या पंचमांशापेक्षा उरलेल्या चार पंचमांशांचाच विचार करत बसलो. गोबेल्सला सगळ्यांनी पक्षात यावं याची गरजच नव्हती. त्याला हवा होता जगातला सर्वोत्तम ऑर्केस्ट्रा, आणि सर्वोत्तम वाजवायला पक्षाचं कार्ड लागत नाही. लागतो रियाज, शिस्त, एकमेकांचं ऐकण्याची सवय, कामावरचं प्रेम. हे सगळं त्या चार पंचमांशांकडे भरपूर होतं. जे चांगले होते त्यांच्या चांगुलपणावरच ते यंत्र चालत होतं.

फेब्रुवारी १९४२ मधली एक चित्रफीत आहे, यूट्यूबवर सुटीही सापडते. बर्लिनमधल्या एईजी कंपनीचा कारखाना, मोठमोठी यंत्रं, त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेले-उभे असलेले कामगार, मागे स्वस्तिक, आणि फुर्टवेंग्लर व्हाग्नरच्या ‘मायस्टरझिंगर’चा प्रील्यूड घेताहेत. कॅमेरा कामगारांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. चेहरे थकलेले आणि मन लावून ऐकणारे. ही प्रचारफिल्म आहे हे पक्कं ठाऊक असूनही ते वादन मला आवडलं. मी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की माझ्यावरही ती फिल्म ऐंशी वर्षांनी नीट चालली.

‘आम्ही फक्त ॲप बनवतो’

आता मला थोडं स्वतःबद्दल सांगावं लागेल. आधीच सांगतो, मी माझी तुलना नाझी जर्मनीशी करत नाहीये. तशी तुलना करणं म्हणजे त्या लाखो मेलेल्यांचा अपमान. मला फक्त एका वाक्याबद्दल बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी मी हजेरीच्या एका ॲपवर काम करत होतो. कंत्राटी सफाई कामगारांनी सकाळी ठरलेल्या चौकीवर यायचं, मुकादमाच्या मोबाइलसमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की हजेरी. माझ्याकडे जुळवणीच्या नंतरचा भाग होता. टिकेटमध्ये लिहिलं होतं : तीनदा जुळलं नाही तर ‘गैरहजर’ नोंदवा. मी तसं लिहिलं. टेस्ट केसेस लिहिल्या. सर्व्हर बंद असतानाही नोंद हरवणार नाही याची व्यवस्था केली, आणि डेमोत त्याचं कौतुकही झालं. मला खरंच त्या कोडचा अभिमान होता.

मग पायलटसाठी एके दिवशी पहाटे सहाला आम्हाला चौकीवर नेलं. थंडीचे दिवस, उजेड नाही, बायकांनी डोक्या-कानाला स्कार्फ गुंडाळलेले. एका पन्नाशीच्या बाईंचा चेहरा जुळेना. एकदा, दोनदा, तीनदा. स्क्रीनवर लाल अक्षरं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दादा, मी हितं तुमच्यासमोर उभी हाय, आन् ह्यो मोबाइल म्हनतो मी आलेच न्हाई. आता खाडा लागंल की.”

मी म्हणालो, “मावशी, ते तुम्ही मुकादमांना सांगा. आम्ही फक्त ॲप बनवतो.”

त्यात उद्धटपणा नव्हता. मी अगदी नम्रपणे बोललो होतो, ‘मावशी’ म्हणालो होतो. शिवाय ते खरंही होतं. नियम मी केला नव्हता, कंत्राट माझं नव्हतं, खाडा मी लावत नव्हतो. माझं काम फक्त नीट चालणारा कोड लिहिणं, आणि तो नीट चालत होता. किंबहुना त्याच्या नीट चालण्यामुळेच त्यांचा दिवस बुडणार होता. सर्व्हर बंद असता तरी माझ्या कोडने ती ‘गैरहजर’ची नोंद जपून ठेवली असती.

बास्तिआन आणि हार्टमन यांना ऐकताना मला त्या बाई आठवल्या. फिल्ममध्ये एवढ्या मोठ्या इतिहासाबद्दल बोलणं चाललंय आणि मला दिसतोय एक मोबाइल, लाल अक्षरं आणि माझा स्वतःचा समजूतदार आवाज. मला वाटतं ही फिल्म नीट बघितली तर प्रत्येकाला आपापला काहीतरी असा आवाज ऐकू येईल. बँकेतल्याला, जाहिरातवाल्याला, पत्रकाराला. ज्याचं कामावर प्रेम आहे त्याला तर नक्कीच. कामचुकार माणूस या बाबतीत सुरक्षित असतो.

फिल्म कुठे कमी पडते

फिल्मशी माझी दोन भांडणं आहेत.

पहिलं असं की ती वृद्ध वादकांच्या फार जवळ बसते. ही जवळीकच तिची ताकद आहे हे मान्य. कोणी जाब विचारत नसल्यामुळेच ही माणसं मोकळी होतात. पण त्यामुळे जे उरले त्यांच्या आठवणींना चेहरा मिळतो, हातांच्या हालचाली मिळतात, मधेच येणारं हसू मिळतं. जे गेले ते मात्र नावापुरते आणि जुन्या फोटोंपुरते राहतात. हयात असणं हाच इथे बोलण्याचा परवाना होतो. गोल्डबर्ग १९९३ साली वारले. फिल्म चौदा वर्षं उशिरा झाली असं म्हणता येईल, पण मग प्रश्न पडतो की तिला साठ वर्षं का लागली.

दुसरं भांडण शेवटाशी. १९४५ ही विषयाची सीमा मानली की तिथे पडदा पडतो, आणि पडदा पडला की आपल्याला वाटतं की गोष्ट संपली. मला त्या २६ मेच्या कार्यक्रमाबद्दल आणखी खूप हवं होतं. कारण खरी गुंतागुंत तिथून पुढे आहे.

त्या कार्यक्रमाकडे परत

त्या दिवशी कंडक्टर होते लिओ बोर्खार्ड. मॉस्कोत जन्मलेले जर्मन. नाझींच्या लेखी ते भरवशाचे नव्हते. युद्धकाळात ते आणि त्यांची सहचरी, पत्रकार रूट आंद्रेआस-फ्रीडरिख, बर्लिनमध्येच एका छोट्या गटात काम करत होते. लपलेल्या ज्यूंना आसरा देणं, खोटी कागदपत्रं मिळवणं, शिधापत्रिका जमवणं. या गटाचं सांकेतिक नाव ‘ओन्केल एमिल’, म्हणजे ‘एमिलकाका’. पकडले गेले असते तर फाशीच.

म्हणजे मंचावरचं दृश्य बघा. एका बाजूला जीव धोक्यात घालून माणसं लपवणारा कंडक्टर. त्याच्यासमोर बारा वर्षं मंत्रालयाचा पगार घेतलेले वादक. आणि मधे मेंडेल्सझोन. त्यांच्यातल्या जुन्या मंडळींनी १९३३ च्या आधी ते ओव्हर्चर वाजवलं असणारच, बोटांना आठवत असणार. हार्टमनसारखे तरुण मात्र मेंडेल्सझोन बंद झाला तेव्हा तेरा वर्षांचे होते. पहिल्या रिहर्सलला त्या खोलीत काय बोलणं झालं असेल? की काहीच झालं नसेल आणि सगळ्यांनी फक्त वाद्यं जुळवून सुरुवात केली असेल?

तीनच महिन्यांनी, २३ ऑगस्ट १९४५ च्या रात्री, बोर्खार्ड एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या गाडीतून घरी चालले होते. नाक्यावर थांबण्याचा इशारा चालकाला कळला नाही आणि अमेरिकन पहारेकऱ्याने गोळी झाडली. नाझींच्या हातून वाचलेला माणूस गैरसमजातून मेला. आठवड्याच्या आत तेहतीस वर्षांचे सर्जू चेलिबिदाखे यांनी ऑर्केस्ट्रा हातात घेतला. कार्यक्रम चालू राहिले.

मे १९४७ मध्ये, चौकशीतून सुटून, फुर्टवेंग्लर त्याच टिटानिया-पालास्टमध्ये परतले. त्याच वर्षी यहुदी मेन्युहिन बर्लिनला येऊन त्यांच्याबरोबर वाजवून गेले. होय, तेच मेन्युहिन, जे पुढे १९५२ साली भारतात आले आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य झाले. एका ज्यू व्हायोलिनवादकाने असं पुढे येऊन हात मिळवावा याबद्दल त्यांच्यावर खूप टीका झाली. त्यांना समेट महत्त्वाचा वाटला. मला त्यांचं धाडस कळतं आणि टीका करणाऱ्यांचा रागही कळतो.

१९५४ च्या शेवटी फुर्टवेंग्लर वारले आणि ऑर्केस्ट्रा कारायानकडे गेला. माझ्या प्लेलिस्टमधले कारायान. ते १९३३ पासून नाझी पक्षाशी जोडलेले होते. १९५५ च्या अमेरिका दौऱ्यात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलबाहेर निदर्शनं झाली. आत कार्यक्रम झाला, टाळ्याही पडल्या. पुढची तीन दशकं आणि त्या सगळ्या रेकॉर्ड्स तुम्हाला माहीतच आहेत.

मग मी सहज एक हिशेब केला. बर्लिन फिलहार्मोनिकचे युद्धातले कार्यक्रम एप्रिल १९४५ च्या मध्यापर्यंत चालू होते. रशियन तोफा ऐकू यायला लागेपर्यंत. आणि युद्धानंतरचा पहिला कार्यक्रम २६ मेला. म्हणजे सहा आठवडे. एवढाच काळ हा ऑर्केस्ट्रा गप्प होता. मधल्या काळात हिटलर मेला, बर्लिन पडलं, जर्मनी शरण आली, एक अख्खं राज्य नकाशावरून गेलं. आणि सेवा सहा आठवड्यांत पूर्ववत. आमच्याकडे याला अपटाइम म्हणतात आणि त्यासाठी बक्षीस देतात.

मी ज्या गोष्टीच्या शोधात निघालो होतो, राखेतून उठलेला ऑर्केस्ट्रा, ती म्हणूनच मला फिल्ममध्ये मिळाली नाही. तो राखेत गेलाच नव्हता. त्याची वास्तू गेली होती, तो नाही. एखादी गोष्ट परत उभी राहिली म्हणताना ती मधे कोणाच्या आधाराने उभी होती, हे विचारायला हवं.

याचा अर्थ २६ मेचा कार्यक्रम खोटा होता का? मला तसं म्हणवत नाही. भुकेली, घाबरलेली, बहुतेक जण काही ना काही लपवत असलेली माणसं पडक्या रस्त्यांवरून चालत आली आणि बारा वर्षांनी मेंडेल्सझोन ऐकून गेली. त्यांनी वाजवलं नसतं तर जग चांगलं झालं असतं असं काही नाही. त्यांना थांबायला कोणी सांगितलं नाही, आणि स्वतःहून थांबावं असं त्यांना वाटलं नाही. कदाचित आधी एक दिवस, एकच दिवस, नुसतं बसून चार खुर्च्यांबद्दल बोलायला हवं होतं. हे मी आज पुण्यात बसून म्हणतोय, पोट भरलेलं असताना. तरी म्हणतो.

त्या रात्री दीड वाजता फिल्म संपल्यावर मी लॅपटॉप उघडला. हजेरीचं ते ॲप कधीच लाइव्ह गेलंय आणि मी दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे. पण रेपॉझिटरीचा ॲक्सेस अजून होता. ती फाइल शोधली. तीन वेळा, मग ‘गैरहजर’. शेजारी माझं नाव आणि तारीख. सोमवारी मी जुन्या मॅनेजरना मेल टाकली : तीनदा जुळलं नाही तर ‘गैरहजर’ऐवजी ‘तपासणी बाकी’ असं नोंदवावं आणि मुकादमाने पाहून ठरवावं, बदल चार ओळींचा आहे, मी करून देतो. उत्तर दोन दिवसांनी आलं. सूचना चांगली आहे, पुढच्या टप्प्यात बघू.

त्याला आता पाच महिने झाले. मी पुन्हा विचारलेलं नाही. कारायानचा बेथोव्हन मी अजून ऐकतो, तोही कोड लिहितानाच. फक्त हल्ली मधेच इअरफोन काढून ठेवतो आणि थोडा वेळ तसाच बसतो. हा लेख लिहून झाल्यावर ती मेल पुन्हा पाठवायची आहे.